बाळ तेवढे उठून दिसावे

मित्रांनो, मी एक जुना पेन आहे. खिशाला लावून मिरवायचा नव्हे. माझ्यात शाई नाही, कधी नव्हतीच. माझ्या तोंडाशी प्लास्टिकचे एक बोथट टोक आहे आणि माझी सारी हयात एका काळ्या सपाट पाटीवर घासण्यात गेली. पाटीवर मी फिरलो की समोरच्या पडद्यावरचा फोटो बदलतो. हलके टेकवले तर थोडा, दाबले तर जास्त. सुखदुःख मला फारसे कळत नाही. दाब कळतो.

माझा जन्म कारखान्यातला. एका दिवसात माझ्यासारखे हजारो निघाले. एका यंत्राने मला हजार वेळा दाबून पाहिले आणि पास केले. मग खोक्यात भरून मी एका फोटो स्टुडिओत आलो. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत दिव्यांच्या छत्र्या, एक गोल स्टूल आणि भिंतभर पांढरा पडदा. तिथे काका फोटो काढत. मागच्या खोलीत संगणक. तिथे ताई बसे. तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून वयाने दुप्पट असलेले काकासुद्धा. मी ताईच्या हाती पडलो.

आमचे काम एकच. फोटोतला मुख्य माणूस उठून दिसला पाहिजे. लोकांना वाटते, ज्याला उठून दाखवायचे त्याच्यावर मेहनत घेतात. तसे नसते, मित्रांनो. त्याच्या चेहऱ्यावर उजेडाची एक फुंकर मारली की झाले. खरे काम बाकीच्यांवर होते. मागची माणसे धूसर करायची, कडा काळोख्या करायच्या, कुणाची भडक साडी जरा विझवायची, खांद्यामागून डोकावणारे डोके पुसायचे. बाकीचे जितके कमी होतात, तितका मधला एकटा मोठा होतो.

एकदा एक नवरदेव आला होता. म्हणाला, "ताई, माझ्यामागे तो माणूस जांभई देतोय बघा. उडवा त्याला."

"अहो, हे तुमचे आतोबा ना?"

"म्हणून तर!"

ताई हसली. आम्ही आतोबांना उडवले. त्यांच्या जागी फुलांची माळ लांबवली. असे कितीतरी आतोबा मी पुसले असतील. काका म्हणायचे, "ताईच्या हाताला यश आहे." कौतुक ताईच्या हाताचे व्हायचे, माझे नाही. मला त्याचे काही वाटले नाही.

काकांचा एक नियम होता. काम झालेला फोटो जुन्याच नावाने जुन्यावरच साठवायचा. मूळ फोटो वेगळा ठेवायचा नाही. मागे एकदा चुकून एका बाईंना न सुधारलेला फोटो गेला होता, चामखिळीसकट, आणि त्यांनी स्टुडिओ डोक्यावर घेतला होता. तेव्हापासून काका म्हणत, "एका माणसाचा एकच फोटो. दोन ठेवले की घोळ झालाच म्हणून समजा." ताईने मान डोलावली होती. चार वर्षे तिने तसेच केले.

एका दुपारी एक आई आपले चार महिन्यांचे बाळ घेऊन आली. बाळाच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. त्यात मागे फक्त पांढरे असावे लागते, आणि बाळाशिवाय कोणी दिसून चालत नाही. पण चार महिन्यांचे बाळ एकटे बसणार कसे? म्हणून स्टुडिओत एक युक्ती करतात. आईने स्टुलावर बसायचे, तिच्यावर डोक्यापासून पांढरी चादर टाकायची आणि तिने मांडीवर बाळाला सरळ धरायचे. कॅमेऱ्याला दिसते बाळ आणि पांढरे कापड.

"मी भूत दिसतेय की काय?" चादरीतून आवाज आला.

"भूत परवडलं," काका म्हणाले, "ते हलत तरी नाही. जरा स्थिर बसा की."

बाळाची मान डुगडुगत होती. आईचा डावा हात चादरीखालून बाळाच्या कमरेला होता. उजवा मात्र तिने चादरीबाहेर काढून बाळाच्या छातीवर ठेवला. काका म्हणाले, "तोही आत घ्या." ती म्हणाली, "नको हो, पडेल ते. तुम्ही काढून टाका ना माझा हात नंतर. बाळ तेवढं उठून दिसलं म्हणजे झालं."

मग ती मागच्या खोलीत येऊन ताईच्या मागे उभी राहिली. आम्ही हात पुसला. आधी अंगठा, मग एकेक बोट. प्रत्येक बोटाच्या जागी बाळाच्या स्वेटरची वीण पसरत नेली. पांढरे कापड आणखी पांढरे केले. बाळाच्या डोळ्यांत उजेडाचा एकेक ठिपका ठेवला. तिने वाकून पाहिले आणि म्हणाली, "अगं बाई, माझा हात होता हे सांगूनसुद्धा खरं वाटणार नाही कुणाला!" ताईला ते कौतुक वाटले. तिने फोटो जुन्याच नावाने साठवला. मूळ फोटो गेला. कॅमेऱ्यातले कार्ड काकांनी पुढच्या गिऱ्हाइकासाठी रिकामे केले.

तीन वर्षे गेली. माझे टोक झिजून तिरके झाले. एका सकाळी एक गृहस्थ मागच्या खोलीत येऊन ताईशेजारच्या खुर्चीत बसले. हातात तोच फोटो होता, अंगठ्याएवढा.

"हा इथे काढलेला. मूळ मिळेल का, हात काढायच्या आधीचा?"

ताईने विचारले, "कशाला हवाय?"

ते सरळ स्वरात सांगत गेले, जणू पत्ता सांगत होते. "बाळाची आई गेली. बाळ सात महिन्यांचं होतं तेव्हा. आता पिल्लू बालवाडीत जातं. बाईंनी सांगितलंय, प्रत्येकाने 'आई आणि मी' असा फोटो आणायचा, फळ्यावर लावायचाय. आमच्याकडे फोटो हजार आहेत. पण सगळे तिनेच काढलेले. म्हणजे त्यात पिल्लू आहे, मी आहे, शेजारचं मांजर आहे. ती नाही. लग्नातला दाखवला तर पिल्लू म्हणतं, ही तर नवरी आहे, माझी आई दाखव. दोघं एकत्र असलेला एकच फोटो होता. हा. ती मला सांगून हसायची, माझा हात होता त्यात म्हणून."

ताईने शोधले. सगळे जुने कप्पे उघडले, काकांना हाक मारली. काका आले आणि चष्मा पुसत उभे राहिले. ताई म्हणाली, "नाहीये. आम्ही मूळ ठेवत नाही." काका म्हणाले, "माझाच नियम." ताईने मला पाटीवर आडवे ठेवले आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

त्या गृहस्थांनीच विचारले, "मग परत घालता येईल का? हातच तर आहे. तुमचा घाला."

"घालता येईल. अर्ध्या तासाचं काम आहे. पण तो माझा हात असेल."

"पिल्लूला काय कळतंय!"

"नाही कळणार."

ते फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला कळेल. राहू द्या."

ते उठले. पण ताईने त्यांना थांबवले. तिने मला उचलले आणि साठवलेला फोटो पडद्यावर मोठा केला, इतका मोठा की बाळाच्या स्वेटरचा एकेक केस दिसू लागला. तिला काय हवे होते हे मला कळले नाही. मित्रांनो, लोकरीच्या कडेला पेन कधी दाबायचा नसतो. दाबला तर लोकर कात्रीने कापल्यासारखी दिसते. म्हणून तिथे आम्ही फार हळू जातो, आणि कडेलगतचे थोडे कापड जसेच्या तसे सुटते. बाळाच्या कमरेपाशी, दोन बोटे रुंद असा पांढरा पट्टा तसाच सुटला होता. त्यावर आम्ही पांढरे चढवलेच नव्हते.

ताईने तो पट्टा धरून उजेड उतरवायला सुरुवात केली. आजवर कधी केले नव्हते तसे आम्ही केले. बाळाचा चेहरा मंद केला. डोळ्यांतले ठिपके काढले. स्वेटरचा लाल रंग विझवला. मुख्य माणूस मागे सारला आणि पांढऱ्या कापडातली सावली गडद करत नेली. हळूहळू, हळूहळू. माझ्यावर तिचा दाब इतका कमी होता की मी पाटीला टेकलोय की नाही, हेच कळत नव्हते.

कापडावर चार उंचवटे आले. शेजारीशेजारी, बाळाच्या कमरेला वळसा घातलेले. चादरीखालचा डावा हात. तो कुणी पुसला नव्हता, कारण तो आहे हे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. चौथा उंचवटा जरा आतल्या बाजूला झुकला होता.

"करंगळी," ते गृहस्थ म्हणाले. "वाकडी होती तिची. लहानपणी दारात चेंगरली होती." मग ते पुन्हा खुर्चीत बसले. काकांनी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला, पण प्यायले नाहीत.

ताईने फोटो नव्या नावाने साठवला. जुना होता तसाच ठेवला. काका बघत होते. त्यांनी हरकत घेतली नाही.

आठवड्याने ते गृहस्थ पुन्हा आले, नुसते सांगायला. बालवाडीच्या फळ्यावर इतर फोटोंत आया हसत होत्या, आणि यांच्या फोटोत एक फिकट बाळ आणि सुरकुतलेले कापड. बाईंनी विचारले, "अरे, यात आई कुठे आहे?" पिल्लूने कापडावर बोट ठेवले आणि म्हणाले, "ही काय. मला पडू देत नाहीये."

ताई "बरं झालं" एवढेच म्हणाली आणि पुढच्या फोटोला लागली. दिवसभर तिचा दाब माझ्यावर कमी होता.

आता माझी गरज उरलेली नाही. नवा संगणक एक कळ दाबताच मुख्य माणूस कोण ते आपणच ठरवतो आणि बाकीचे पुसून टाकतो. तो चुकत नाही आणि थांबतही नाही. मी पेन्सिली ठेवायच्या डब्यात आहे, दोन कात्र्या आणि एका सुकलेल्या मार्करसोबत. कधी कोणी मला चुकून उचलते आणि शाई येत नाही म्हणून कागदावर दोनदा घासून परत टाकते. त्याचे दुःख नाही. पण एवढे सांगून ठेवतो, मित्रांनो. फोटो सुधारायचा तर खुशाल सुधारा, पण मूळ फोटो जपा, आणि एकाच जागी ठेवू नका. कडेचे पुसण्याआधी, ते कुणाचे आहे ते बघा. आणि तुमच्या घरात सगळ्यांचे फोटो जी काढते, ती कुठल्याच फोटोत नसते. आज तिच्या हातातला कॅमेरा काढून घ्या आणि तिला बाळाशेजारी उभी करा. ती नको नको म्हणेल. ऐकू नका.