जिभेचे राखणदार

विस्कॉन्सिनमधल्या आपल्या चीझ कारखान्यात व्हर्लिनचा एकच खाक्या होता: गायीला अँटिबायोटिक टोचलं असेल, तर तिचं दूध आत येणार नाही. त्या औषधानं विरजणातले जिवाणू मरतात.

न्यूमोनिया झाला तेव्हा त्यानं स्वतः तेच औषध दहा दिवस घेतलं, आणि जिभेवर पांढरी बुरशी चढली. चीझची चवच कळेना.

"गायीचं कळतं, स्वतःचं नाही?" बायको आर्डिसनं दह्याची वाटी आदळली. "तोंडातले राखणदार मेले, बुरशीला रान मोकळं मिळालं. आता यातले नवे नेमून घे!"

डॉक्टरांचं औषध आणि रोजचं दही, पंधरवड्यात चव परतली. टोपी काढून व्हर्लिन कारखान्यातल्या विरजणाच्या टाकीतल्या जिवाणूंना म्हणाला, "चाळीस वर्षं मला वाटायचं, मीच तुम्हाला पोसतोय."