माझ्या बरगड्या

मित्रांनो, मी देवळाच्या भिंतीतली एक जुनी कोरीव शिळा आहे. आज मला पाहाल तर म्हणाल, किती प्रसन्न देवी आहे! गुळगुळीत गाल, तुळतुळीत पोट, ओठांवर हसू. तुमचे काही चुकत नाही. पण मी अशी नव्हते. मी चामुंडा होते, आणि शेकडो वर्षे मी उपाशी होते.

आम्ही सात मातृदेवता एका रांगेत कोरलेल्या. सहा जणी भरल्या अंगाच्या, दागिन्यांनी मढलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर गोंडस बाळ. सातवी मी. माझ्या गळ्यात कवट्यांची माळ, पायाखाली प्रेत आणि खोल गेलेल्या पोटावर विंचू. शास्त्रात माझे रूप असेच सांगितले आहे, तेव्हा माझा घडवणारा काही जगावेगळे करत नव्हता. फक्त बाकीचे शिल्पी चामुंडेच्या बरगड्या कंगव्याच्या दातांसारख्या एकसारख्या ओढून मोकळे होत. याला ते जमले नाही. मला कोरायला घेण्याआधी मोठा दुष्काळ पडला होता, आणि त्यात त्याची धाकटी बहीण अन्नावाचून गेली होती. भुकेल्या माणसाचा गुडघा मांडीपेक्षा जाड दिसू लागतो, गळ्याच्या हाडामागे खळगा पडतो, कातडी दोन बरगड्यांच्या मध्ये आत ओढली जाते, हे सगळे त्याने जवळून पाहिले होते. ते त्याने जसेच्या तसे माझ्या अंगावर उतरवले.

मुख्य शिल्पी एकदा काम पाहायला आला आणि पाहतच राहिला.

"अरे, देवी कोरतोयस की आजारी पोर?"

"मला दुसरं काही आठवतच नाही हो," माझा शिल्पी म्हणाला आणि छिन्नीला धार लावायला बसला.

मुख्य शिल्पी मोठा तोंडाळ माणूस होता. त्या दिवशी मात्र काही बदलायला न लावता तो पुढच्या शिळेकडे वळला.

मी कोणाची लाडकी कधीच नव्हते, हे आधीच सांगून टाकते. फुले त्या सहा जणींना मिळत. माझ्यापुढे आले की आया लेकरांचे डोळे झाकत आणि पाऊल उचलत. पुढे देवळाचे छप्पर कोसळले, माणसे यायची थांबली, आणि ऊन-पाऊस मात्र आम्हा साती जणींच्या वाट्याला सारखाच आला. तेवढाच काय तो न्याय. कोणा रिकामटेकड्याने माझ्या पायाखालच्या प्रेतावर स्वतःचे नाव कोरून ठेवले. ते अजून तिथे आहे.

बऱ्याच काळाने देवळाची डागडुजी झाली, त्यावर एक समिती नेमली गेली आणि सकाळी झाडलोट करायला एक मावशी येऊ लागली. त्या सहा जणींवरून ती कोरडे फडके झटकन फिरवी. माझ्यापाशी आली की फडके ओले करून घट्ट पिळी आणि एकेका बरगडीवरून हळू हळू नेई. तोंडाने पुटपुटणे चाललेले असे, "गार लागतंय का गं? झालंच हं. झालं बघ." मला आधी वाटले, बाईचे डोके फिरले आहे.

मग एकदा ती माझ्यासमोर बसली आणि बोलली. तिची मुलगी आजारी पडली होती. पोटात अन्न ठरेना, पोर वाळत वाळत गेली. "घरी तिचा फोटो लावलाय," मावशी म्हणाली. "चांगले गुबगुबीत गाल आहेत त्यात. सगळे म्हणतात, तशीच आठव तिला. पण मी तर तिला अशीच उचलत होते ना गं. अशीच न्हाऊ घालत होते. ती पण माझीच होती की."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यापुढे माणसांनी भीतीने हात जोडले होते. माझ्या हाडांवर मायेने हात फिरवणारी ही पहिलीच. मी दगड आहे. पण मला त्या फडक्याची वाट पाहायची सवय लागली.

समितीचे अध्यक्ष वाईट गृहस्थ नव्हते. वाईट असते तर रागावणे तरी सोपे झाले असते. त्यांची लहानगी नात मला पाहून किंचाळली आणि पुन्हा देवळात पाऊल टाकीना. अध्यक्षांच्या मनाला ते लागले. "देवी म्हणजे आई," ते बैठकीत म्हणाले. "आई अशी असते का? जरा माणसात आणू या तिला." कोणीही हरकत घेतली नाही. एक कारागीर ग्राइंडर घेऊन हजर झाला.

मावशी हातात झाडू घेऊन पुढे आली. "साहेब, राहू द्या ना हिला."

"का हो मावशी? काय झालं?"

तिचे ओठ हलले. मला ठाऊक होते ती काय सांगणार ते. मी मनातल्या मनात म्हणत होते, सांग, सांगून टाक. पण इतक्या माणसांत तिला ते बोलवेना. "काही नाही," ती म्हणाली, "धूळ फार होईल."

"तेवढंच ना? मग आवरायला तुम्हाला एक माणूस देतो जोडीला," अध्यक्ष हसून म्हणाले.

कारागिराने माझ्या पोटाच्या खळग्यात बोटे घालून पाहिली. "साहेब, दगडात भर घालता येत नाही. काढता तेवढं येतं."

"मग काढा की."

आणि त्याने काढले. विंचू गेला, गळ्याच्या शिरा गेल्या, गालांची हाडे गेली. बरगड्या खळग्यांच्या पातळीपर्यंत खाली आल्या. माझी भूक दिसू नये म्हणून त्याने मला होते त्याहून बारीक केले. शिल्पीच्या बहिणीचे या जगात जेवढे उरले होते, तेवढे दुपारपर्यंत फरशीवर सांडले.

"बघा मावशी, किती छान दिसतेय!" अध्यक्ष म्हणाले.

"हो," मावशी म्हणाली.

तिने भुकटी सुपलीत भरली. वायर गुंडाळणाऱ्या कारागिरापाशी ती जरा थांबली. "भाऊ, हे परत नाही ना लावता येणार?"

त्याला वाटले, मावशी गंमत करतेय. तो मोठ्याने हसला. मग तीही थोडे हसली, आणि बाहेर जाऊन तिने सुपली कचऱ्यात रिकामी केली.

ती अजून येते. मला पुसते. बोलत नाही.

जुन्या मूर्तींवर नावे कोरू नका, रंग फासू नका, हे तुम्हाला पुष्कळांनी सांगितले असेल, मित्रांनो. तेही पाळाच. पण माझे मागणे वेगळे आहे. तुम्हाला जे पाहवत नाही ते घासून टाकण्याआधी, त्याच्यावर रोज हात फिरवणारे कोणी आहे का ते शोधा, आणि त्याला विचारा. ते माणूस पटकन खरे सांगणार नाही. धुळीचे वगैरे काहीतरी सांगेल. तरी घाई करू नका. त्याला बाजूला घ्या, आणि पुन्हा एकदा विचारा.