सेवादासबाबाची निळी पेज

किन्हीराजा गावच्या चावडीसमोर पाय ठेवाले जागा नव्हती. मधात सेवादासबाबा. त्याच्यासमोर वाट्या, वाट्यांत शाईसारखी निळी पेज.

"जहर हाय हे!" बाबा गरजला. "निर्मळ माणूस थुकला का उतरते. चेटकीण थुकली का तसंच राह्यते! बोला जय!"

"जय!"

बाजूले गोजराबाई बसली होती. नवरा मेला तवापासून एकटीच मळा पाह्यते. दीर जगदेवच्या म्हशी मेल्या, त्यानं हिचं नाव घेतलं. निळं उतरलं नाई तर आजच गावाबाहेर. थे बसली होती, कोणी पोतं आणून ठेवावं तशी.

"भेव वाटते काय वो माय?" म्या इचारलं.

"काईच वाटत नाई, इंद्रभानभाऊ."

मी कारंज्याच्या डॉक्टरची बैलांची दमणी हाकतो. पेजेत आयोडीनचं टिंचर टाकलं का निळी होते, हे म्या त्याईच्याकडं पाह्यलं होतं. बाबाजवळ थुकाच्या पह्यले चूळ भराले दोन सारखेच गाडगे, एक जगदेवले, एक गोजराबाईले. पाया पडाच्या बहाण्यानं वास घेतला. एकात कोमट मिठाचं पानी. दुसऱ्यात, गोजराबाईच्या, हरभऱ्याची आंब! पहाटे पिकावर फडकं फिरवून पिळतो, पोटदुखीवर घेतो, थेच आंबट पानी. बाबानं मंतराले डोये मिटले, आन् म्या गाडगे बदलले.

पह्यले जगदेवनं चूळ भरली. तोंड वाकडं झालं, पन इज्जतीपायी गप. थुकला. पेज निळीच.

मंग गोजराबाई चूळ भरून थुकली. पेज फिकी झाली, मंग पांढरी.

मले हसू फुटलं. तेवढ्यात कोणीतरी गोटा उचलला. "जगदेवच चेटक्या! हाणा!"

म्या मधात धावलो.

"थांबा! गाडगे म्या बदलले! बाबा, आता आंबेची चूळ तुमी भरा!"

"मी? संतांची परीक्षा घेतं काय बे?"

"भरा न बाप्पा," पाटील उत्तमराव बोलले. बाबा भरला, थुकला. निळीच!

"आपल्या थुक्यात पाचक द्रव्य असते," म्या सांगतलं. "डॉक्टर त्याले एंझाइम म्हणते. थे पेजेतलं पीठ तोडते, त्याची साखर करते. भाकर चावता चावता गोड लागते, थे याच्याच पायी. पीठ गेलं का निळं जाते. सोता सरत नाई, म्हणून थेंबभर थुकाही वाटीभर पेज उतरवते. मीठ त्याचा मदतनीस. कोमटात घाई करते, थंडीत रेंगाळते, उकळलं का मरते. आन् आंबट पडलं का त्याचे हात बांधल्यावानी होते. पाप नाई, पुण्य नाई!"

गोटे खाली पडले. गोजराबाईले कोणी 'चुकलो' म्हणलं नाई. सारे घरी गेले तरी थे बसूनच.

"उठ न माय, सुटली तू."

"आज सुटली," थे म्हणली.

म्हणून सांगतो, बाप्पाहो. म्हैस मेली तर ढोरांच्या डॉक्टरले इचारा. चमत्कार दिसला तर कसा झाला थे इचारा. आन् आंधी हातातला गोटा खाली ठेवा.