पेपरच्या दिवशीचा मांडव

गंगाखेडला कारखान्याच्या रस्त्यालगत पत्र्याची एक खोली होती. त्या खोलीत पंकजा भिंतीला पाठ लावून बसली होती आणि तिच्या मांडीवर बहुचल कलनाचं पुस्तक उघडं होतं. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा चालू होती. मंगळवारी सगळ्यांत अवघड पेपर होता आणि आज रविवार. तिची मैत्रीण दिपाली स्टोव्हवर भात ठेवून डबल इंटिग्रलच्या लिमिट बदलायचं उदाहरण पुन्हा पुन्हा सोडवत होती, आणि दर वेळी तिचं उत्तर वेगळंच येत होतं. बाहेरून उसानं लादलेला एखादा ट्रॅक्टर गेला की पत्रे थरथरत आणि मळीचा वास आत येई.

पंकजा डोंगरपट्टीतल्या एका वाडीची. तिचे आईवडील, छबूबाई आणि लिंबाजी, दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला दूरच्या कारखान्यावर जात आणि उन्हाळा लागता लागता परत येत. तेवढे महिने पंकजा आणि तिची धाकटी बहीण पिंकी आजीजवळ राहत. मागच्या चैत्रात आजी वारली. पंकजा कॉलेजसाठी गंगाखेडला राहत होती, म्हणून तिला आजीची पोकळी फक्त मनात जाणवली. घरात ती पिंकीलाच जाणवत होती.

दुपारी दार वाजलं. छबूबाई आणि पिंकी आल्या होत्या.

"आई, तुमी अजून उसाच्या फडावर गेला न्हाईत? आगाऊ पैशे दिलेला मुकादम गप बसला?" पंकजानं विचारलं.

छबूबाईनं हातातली पिशवी पदराआड घेतली. "जायचंय की दोनचार दिसात. थोडी खरेदी ऱ्हायलीय. वाडीतल्या बाया हायत संगं. हिला हितं बसू दे तवर, बाजारात लय गर्दी हाय." जाताना तिनं पिंकीकडे एकदा टक लावून पाहिलं.

पिंकी दहावीत होती. पंधरा वर्षांची, अंगानं किरकोळ, बोलायला लागली की थांबायची नाही. आज मात्र ती गप्प होती. तिनं न सांगता खोली झाडली, बादलीतले कपडे धुऊन वाळत घातले, भाताची करपलेली पातेली राखेनं घासून काढली. मग ती बहिणीच्या खांद्याला खांदा लावून बसली.

"ताई, हे काय करायलीस?"

"पार्शल डेरिव्हेटिव्ह. म्हंजे असं बघ, दोन गोष्टी एकदम बदलायल्यात. दोन्हीचा हिशेब एकदम लागत न्हाई. मग एकीला जागच्या जागी थांबवायचं आन् दुसरीनं किती फरक पडतो ते बघायचं."

"आन् थांबवलेलीचं काय?"

"तिचं मागून बघायचं."

पिंकी वहीतल्या त्या वळणदार चिन्हावरून बोट फिरवत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, मी हितंच ऱ्हाऊ का?"

"कवा?"

"आत्ताच. घरी जातच न्हाई. तुमी दोगी अभ्यास करा. मी सैपाक करीन, धुनं धुईन. कोपऱ्यात झोपीन, तुला तरास न्हाई देणार."

दिपाली हसली. पंकजाही हसली आणि तिनं पिंकीच्या डोक्यावर टपली मारली. "येडी का तू? दहावीचं वर्ष हाय तुजं. दहावी हो, मग मी सोता तुला हितं आनते. आता मला जरा वाचू दे, परवा पेपर हाय."

"बरं," पिंकी म्हणाली. छबूबाई परत येईपर्यंत तिनं वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालून ठेवल्या. गळ्याची शपथ घालून आईनं तिला बजावलं होतं की ताईच्या परीक्षेत विघ्न आणायचं नाही.

सोमवारी दुपारी दिपालीचा फोन पंकजाच्या हातात आला. वाडीतल्या, दिपालीच्याही ओळखीच्या कुणीतरी स्टेटस ठेवलं होतं. पाटावर बसलेली पिंकी, मनगटभर हिरव्या बांगड्या, गालांना हळद. खाली लिहिलं होतं, उद्या यायचं हं. नवऱ्या मुलाचंही नाव होतं. रामहरी. पलीकडच्या गावचा, आईवडिलांच्याच टोळीत ऊस तोडणारा.

पंकजानं वडिलांना फोन लावला. तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आधीच लिंबाजी म्हणाला, "कळलं का तुला? कुनी सांगितलं? तू पेपरावर ध्यान दे, बाई. तुला मागून सांगनारच होतो."

"आबा, पंधराची हाय ती."

"म्हाईत हाय मला. मीच बाप हाय तिचा."

"मग कशाला लावायलाव लगीन?"

"आजी गेली. सा महिने घरात एकटी पोर कुनाच्या जिवावर ठिवू? गेल्या साली वरच्या आळीच्या पोरीचं काय झालं, ते तुला न्हाई म्हाईत? फडात न्यायची तर पाचटाच्या कोपीला दार न्हाई. ट्रकचे ड्रायव्हर, टोळीतली पोरं, सगळ्याइच्या नजरा. नवऱ्याच्या नावाची झाली म्हंजे कुनी बोट लावनार न्हाई."

"मी येते घरी. मी ऱ्हाते तिच्यापाशी. कॉलेज सोडते मी."

लिंबाजी वाडीच्या पारावर कुणी नवा पाहुणा आला की पहिल्यांदा आपली थोरली गणित शिकते हे सांगायचा. आता तो म्हणाला, "दोगीचं वाटुळं करून काय मिळल, पंकू? एकीचं तरी होऊ दे."

त्यानं फोन ठेवला.

मुलांच्या मदतीसाठी असलेल्या क्रमांकावर पंकजानं फोन केला. पलीकडच्या बाईनं शांतपणे गाव, नाव, जन्मतारीख, शाळा सगळं विचारून घेतलं. "सकाळी माणसं पोचतील. तुमचं नाव कुणाला कळणार नाही. तुम्ही पेपर द्या," ती म्हणाली. पंकजा पुस्तक पुढ्यात घेऊन बसली. लाग्रांजची रीत तिनं वाचली, परत वाचली, आणि पान उलटल्यावर त्यातलं काही आठवलं नाही.

मंगळवारी सकाळी दोघी कॉलेजच्या फाटकापर्यंत गेल्या. पोरं शेवटची सूत्रं घोकत उभी होती. पंकजानं हॉलतिकीट दिपालीच्या हातात दिलं.

"मी वाडीला जाते."

"अगं, ते लोक बघणारेत ना! विषय राहील तुझा."

"आन् न्हाई बघितलं तर?"

दिपालीनं तिचा हात धरला. बेल झाली तेव्हा तिला तो सोडावा लागला.

जीपनं पंकजा वाडीत उतरली तेव्हा घरापुढं मांडव होता, पण तोरण काढून टाकलेलं होतं. खुर्च्यांवर ग्रामसेवक आणि दोन पोलीस चहा पीत होते. त्यांच्या बाजूला पिंकीच्या शाळेतले एक सर बसले होते. पंकजाला बघून त्यांनी मान खाली घातली. लिंबाजी हात जोडून उभा होता. "साहेब, फडावर जायलाव, त्याच्या आधी सत्यनारायण घातलाय. बाकी काय न्हाई."

"मुलीच्या अंगाला हळद कशाची?" एका पोलिसानं विचारलं.

"खंडोबाचा भंडारा हाय त्यो," लिंबाजीची बहीण बायनाबाई आतून म्हणाली. मांडवातले चारसहा जण लगेच माना डोलवू लागले.

"खोटं बोलायलेत सगळे," पंकजा पुढं झाली. "आज लगीन हाय तिचं. मीच फोन केला होता."

ग्रामसेवकानं कप खाली ठेवला. लग्नाचं ते आमंत्रण त्याच्या खिशातल्या फोनमध्येही पडून होतं. "मुलीलाच विचारू," तो म्हणाला. पिंकीला बाहेर आणलं. तिच्यामागं छबूबाई उभी राहिली.

"बाळ, घाबरू नको. आज तुझं लग्न आहे का?"

एवढ्या माणसांत, आईबापांसमोर, त्याच पोलिसानं तिला हे विचारलं. बाजूला घेऊन विचारावं, एखादी बाई सोबत आणावी, असं कुणाच्या मनात आलं नाही. पिंकीनं वडिलांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग बहिणीकडे पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली.

मुलगी अठराची होईपर्यंत लग्न लावणार नाही, असं लिंबाजीकडून लिहून घेतलं गेलं. मांडवाखाली त्याचा आणि पिंकीचा फोटो काढला. मंडळी उठली. पंकजा पोलिसांच्या जीपमागं धावली. "साहेब, तुमी गेला की लावतील हो लगीन!" पुढं बसलेला ग्रामसेवक म्हणाला, "ताई, मुलगी स्वतः नाही म्हणते. आम्ही काय करावं?"

लिंबाजीनं पंकजावर हात उगारला नाही. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "बापाच्या हाताला बेड्या बघायच्या व्हत्या का तुला?" एवढंच त्यानं विचारलं. बायनाबाईनं तिचा फोन काढून घेतला, तिला आतल्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली.

पंकजानं दार बडवलं, हाका मारल्या. शेजारच्या घरांत माणसं होती. त्यांतलं कुणीच आलं नाही. थोड्या वेळानं टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, बायकांची कुजबुज झाली, आणि मग अंगणात फक्त कोंबड्या राहिल्या. डोंगराच्या पलीकडे, दुसऱ्या जिल्ह्याच्या हद्दीत, एका शेतातल्या देवळापुढं वाजंत्री न लावता अक्षता पडल्या. ते सरही तिथं जेवले.

दिवस कलता कलता कडी निघाली. दारात पिंकी होती. गळ्यात काळे मणी होते आणि नव्या साडीचा बोंगा तिनं दोन्ही हातांनी वर धरला होता.

"ताई, तुजा पेपर बुडाला ना?"

पंकजानं तिला जवळ ओढलं. दोघी उंबऱ्यावर बसल्या. "का न्हाई म्हणलीस ग? एक शब्द बोलली असतीस तर..."

"आबाला नेलं असतं."

"नेलं असतं तर सोडलं असतं मागून. तू तर सुटली असतीस."

पिंकीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. "सुटून कुठं ऱ्हायले असते, ताई? आई-आबा फडावर. तू कॉलेजात. मी कुठं?"

त्या वाडीत, त्या तालुक्यात, आईबाप तोडीला गेल्यावर मुलीनं राहावं अशी जवळपास एकही जागा नव्हती. असती तर लिंबाजीनंच तिला तिथं नेऊन सोडलं असतं.

दोन दिवसांनी टोळीचा ट्रक आला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. लिंबाजी-छबूबाईचा एक आणि यंदा रामहरी-पिंकीचा दुसरा. बैल, भांडी, गोधड्या आणि माणसं चढली. पिंकीचं शाळेचं दप्तर खुंटीला तसंच राहिलं. पंकजा ते घेऊन धावली, तेव्हा छबूबाई वरूनच म्हणाली, "ठिव घरात. तिकडं भिजल."

पंकजानं उरलेले पेपर दिले. कलनाचा विषय राहिला. ती पोलीस ठाण्यात गेली आणि वडिलांच्या, आईच्या, रामहरीच्या नावानं तक्रार लिहून दिली. मुलगी कुठल्या फडावर आहे हे सांगा, मग बघू, असं उत्तर मिळालं. तिला ते सांगता आलं नाही. वडील तिचा फोन घेत नव्हते. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. पंकजा सुटीला वाडीत येऊन पाण्याला गेली की बायका हंडे उचलून निघून जात.

चैत्र संपता संपता टोळी परतली. पिंकी ट्रकमधून उतरली ती कमरेवर हात ठेवून. पोट पुढं आलं होतं, तोंड वाळलं होतं, पाय सुजले होते. दुसऱ्या दिवशी छबूबाईनं तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. पंकजा बरोबर गेली. रामहरी बाहेरच्या बाकड्यावर बसला होता. बायकोच्या चपला त्यानं आपल्या पायांजवळ नीट जोडून ठेवल्या होत्या. तो दुष्ट नव्हता. त्याच्या दोन्ही बहिणींची लग्नं अशीच झाली होती.

नर्सनं पिंकीचं बोट टोचलं, रक्त पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "रक्त फार कमी आहे. वय किती?"

"एकोनीस," छबूबाई म्हणाली.

नर्सनं पिंकीला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग तिची नजर पंकजाकडे वळली. "तुम्ही शिकलेल्या दिसता. खरं वय सांगा. अठराच्या आत असेल तर मला पोलिसांना कळवावं लागतं."

पिंकीनं पलंगावरून पंकजाचा हात घट्ट धरला. "ताई, गप ऱ्हा. त्येला नेतील. मग मला कोन?"

खिडकीतून रामहरी दिसत होता. बोललं तर पिंकीचा आहे तो आसराही जाणार होता. गप्प बसलं, तर एवढ्या कमी रक्ताची ही पोर एकोणीस वर्षांची बाई म्हणून बाळंत होणार होती, आणि पुढच्या दिवाळीला वाडीतली दुसरी एखादी पोर पाटावर बसणार होती.

"पंधरा," पंकजा म्हणाली. "सोळा अजून पुरी न्हाईत."

नर्सनं पेन खाली ठेवलं आणि उठून दार लावून घेतलं. छबूबाईनं पदर तोंडात कोंबला.

वाचकहो, पंधरा हा शब्द त्या मांडवात चहा पिणाऱ्यांना माहीत होता. शाळेतल्या सरांना माहीत होता, अक्षता टाकणाऱ्यांना माहीत होता, दार लावून बसलेल्या शेजाऱ्यांना माहीत होता. त्यांच्यातला कुणीही तो वेळेवर बोलला असता, तर तो बोलायची पाळी बहिणीवर आली नसती. आपण सगळ्यांनी अशा एखाद्या मांडवात कधी ना कधी जेवण केलं आहे.

पिंकीनं आपला हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. पंकजानं तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढं केला, पण पिंकीनं खांदा आखडून घेतला.