रुचिताच्या हातचं गंध

मी एक सहाण बोलतेय. चंदनाच्या झिजण्याचं कौतुक सगळे करतात. त्याच्याखाली मीही झिजते, पण माझं नाव कोणी काढत नाही. असो. पाथरवटाने मला घडवलं आणि महालक्ष्मीच्या जत्रेतून सुनंदाबाईंनी मला डहाणू रोडला, आपल्या स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात आणलं.

देवांची पूजा त्यांची लेक रुचिता करायची. ती शाळेत शिकवते. गंध उगाळताना देव्हाऱ्यातल्या देवीला वर्गातल्या पोरांच्या कागाळ्या सांगायची. मग तिच्या बोलण्यात हर्षदा येऊ लागली. चिखले गावची, तिच्याच शाळेतली शिक्षिका. एके सकाळी रुचिताचा हात थांबला. "देवी, माझं हर्षदावर प्रेम आहे. मैत्रिणीवर असतं तसं नाही," ती पुटपुटली, आणि शरमून गंध न लावताच उठली.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, अडचण आहे मला." पाळीत या घरातल्या बायका देवांना शिवत नाहीत. पण रुचिताची अडचण संपेचना! खोटं बोलायचं तर निदान दिवस मोजून तरी बोलावं. लांबूनच हात जोडायची, तेही मान खाली घालून. मला तिची फार दया यायची.

सुनंदाबाई घाबरल्या. "इतके दिवस अंगावरून जातंय? चल, डॉक्टरकडे जाऊ."

"पाळी नाहीये, आई. मलाच देवांसमोर यायची लाज वाटते." आणि तिने हर्षदाचं सगळं सांगून टाकलं.

सुनंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. "आणखी कोणाला बोललीस?"

"देवीला."

सुनंदाबाई उठून कुकर लावायला लागल्या.

आज सकाळी सुनंदाबाई म्हणाल्या, "माझे गुडघे धरलेत. पूजा तू कर."

"मी? चालेल?"

"मला त्यातलं काही कळत नाही गं. पण देव पारोसे ठेवू नकोस."

रुचिता बसली. चंदनाचं खोड माझ्यावर नुसतं खरखरत होतं. तिने देवांना गंध लावलं. उरलेलं गंध पूजा करणाऱ्याने आपल्या कपाळी लावायचं, अशी या घरची रीत आहे. तिने बोट बुडवलं, कपाळापर्यंत नेलं, आणि ओढणीला पुसून ती उठून गेली.

अगं पोरी, देवीने तुझ्या हातचं गंध कपाळी घेतलंय. तुझ्या वाटणीचं माझ्यावर अजून ओलं आहे. वाळायच्या आत ये.