मखमली शालीवरची जादा कळी

मी एक जुनी शाल आहे, मित्रांनो. निळ्या मखमलीची, जरीच्या वेलबुट्टीची. लगूना सरोवराकाठच्या आमच्या गावात, चर्चमधल्या मरियामातेच्या खांद्यांवर मी दरवर्षी जत्रेला मिरवत असे. आता काचेच्या कपाटात आहे. लोक कौतुक करतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझं भरतकाम तासिंगनं केलं. नऊ महिने ती खिडकीशी बसून टाके घालत होती, आणि तिची नेनिता तेव्हा पोटात होती. एकदा सुई बोटात घुसली आणि मखमलीवर रक्ताचा ठिपका पडला. तो झाकायला तिनं नक्षीत नसलेली एक कळी काढली. "गप्प बस हं," ती मला हसत म्हणाली, "मरियामातेला सांगू नकोस." मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

माझी देखभाल दोन्या, म्हणजे बाईसाहेब, रेमेदियोस यांच्याकडे होती. मूर्तीचे कपडे सांभाळायचा मान त्यांच्या घराण्याचा. मी कापराच्या लाकडाच्या पेटीत राहत असे आणि पेटीची किल्ली दोन्यांच्या गळ्यात. बाई वाईट नव्हत्या बरं का. मला ऊन दाखवायच्या, माझ्यावर जीव टाकायच्या. मीही फुशारले होते. फादर दर जत्रेला सांगायचे की उघड्याला पांघरूण घालाल तर ते प्रभूलाच घातल्यासारखं आहे. मी ते सगळ्यांत उंचावरून ऐकत असे, पण माझं सगळं लक्ष माझ्याकडे कोण कोण बघतंय इकडेच!

मग ते वादळ आलं. भर दुपारी अंधारून आलं, सरोवराचं पाणी घरांत शिरलं आणि अर्धं गाव चर्चमध्ये आसऱ्याला आलं. मला वाचवायला दोन्या पेटीच घेऊन आल्या होत्या. तासिंगही आली. आता ती म्हातारी झाली होती. नेनितानं तिला छातीभर पाण्यातून पाठीवर आणलं होतं. तिचे दात कडाकडा वाजत होते आणि कोरडं कापड कुणाकडेच नव्हतं.

"दोन्या, पेटी उघडा ना," नेनिता म्हणाली. "आई गारठलीय हो."

"अगं, ती मरियामातेची शाल! चिखल लागला म्हणजे?"

तासिंगला तशातही हसू आलं. "मग तिलाच विचारून बघा की. म्हणावं, आपली जुनी ओळख आहे, तुझे कपडे मीच शिवलेत."

लोकही हसले. दोन्यांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. "थट्टा पुरे, तासिंग. पाऊस थांबेलच एवढ्यात. तोवर तुझ्यासाठी प्रार्थना करते."

आणि त्यांनी ती केली, अगदी मनापासून. मी दोन हातांवर पेटीत होते, कोरडी ठणठणीत. झाकण आतून उघडत नाही, मित्रांनो. पण खरं सांगते, त्या घटकेला मलाही चिखलाचीच भीती वाटली होती. त्याची आज लाज वाटते.

पाऊस थांबला तो दुसऱ्या दिवशी. तोवर तासिंगला तापानं धरलं होतं. छाती भरली, आणि पाचव्या दिवशी ती गेली.

दोन्यांचं मन त्यांना खात होतं. मेणबत्त्या, फुलं, जेवण, सगळं त्यांनी आपल्याकडून केलं. दफनाआधी स्वतःच्या हातानं पेटी उघडली आणि मला तासिंगच्या शवपेटीवर अंथरलं. एवढा मान कुणाला मिळाला नव्हता, असं लोक कुजबुजले. तेवढ्यात नेनिता पुढे आली. तिनं मला उचललं, नीट घडी घातली आणि दोन्यांच्या हातांत ठेवलं.

"घ्या, दोन्या. आईला आता थंडी वाजत नाही."

दोन्या मला उराशी धरून रडू लागल्या. त्यांच्या आसवांचे डाग माझ्यावर अजून आहेत. पुढे त्यांनी घरातली पांघरुणं त्या पेटीत भरली आणि पेटी चर्चच्या दाराशी ठेवली, बिनकुलपाची. गारठलेलं माणूस येतं, हवं ते उचलतं. मरियामाता त्या वर्षापासून साध्या सुती शालीत मिरवते. तिचं काही अडलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी असं काही असेल, सणासाठी, पाहुण्यांसाठी, देवासाठी जपलेलं. शेजारी कुणी कुडकुडत असेल तर ते लगेच बाहेर काढा. चिखल काय, धुतला की जातो. माझ्यावर चिखलाचा एकही डाग नाही आणि तेच मला सोसत नाही. तासिंगच्या रक्ताची ऊब त्या जादा कळीखाली मला मिळाली. माझी तिला मिळाली नाही.