पाण्याच्या आधीचं पान

सासूबाईंच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला घरातलं सगळं ठाऊक होतं. डोळे गेले तसं ते बोट जास्तच तल्लख झालं. रोज सकाळी ते दुधाच्या पातेल्यात हळूच उतरायचं, किती कमी झालं ते बघायचं, आणि मग अख्ख्या घराला ऐकू जाईल असा आवाज यायचा, "महाराणींनी आज पुन्हा हात मारलेला दिसतोय!"

महाराणी म्हणजे सून. सात महिन्यांच्या लेकीला अंगावर पाजणारी, भूक लागायचीच. पण "बाळासाठी पिते, आई" म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की "आम्ही काय दगडांना पाजलं?" हे तयार. नवरा बिचारा दोघींच्या मध्ये सापडला की चपला घालून सटकायचा.

शेवटी सुनेनं मनाशी पक्कं केलं. सोमवारी सकाळी लेकीला घेऊन बहिणीकडे जायचं, कायमचं. बॅग भरून खाटेखाली ठेवलीसुद्धा. त्याआधी एक काम मात्र तिनं फार मन लावून उरकलं होतं.

ती अंधांसाठी पुस्तकं तयार करणाऱ्या एका कार्यशाळेत कामाला होती. जाड कागद खाचांच्या पाटीत अडकवायचा आणि टोच्यानं एकेक ठिपका उठवायचा. तोही उजवीकडून डावीकडे, कारण वाचणाऱ्याचं बोट कागदाच्या दुसऱ्या अंगानं फिरणार. सासूबाईंनी वर्षभर हट्टानं ही ठिपक्यांची लिपी शिकून घेतली होती, आणि शिकून झाल्यावर त्यांची पहिली मागणी होती, "मला पवित्र शास्त्रातलं काहीतरी आणून दे. माझं मी वाचीन. तुम्ही वाचून दाखवणारे लोक मधलं गाळता."

सुनेनं निवडून निवडून एक गोष्ट काढली. मालकीण दासीला छळते, इतकं छळते की पोटातलं पोर घेऊन ती घर सोडून पळते. इथवरच. लेक झोपली की पाटी घ्यायची, उठली की ठेवायची, असं करत आठवडाभरात एक पान झालं. पुढे त्या दासीला देव भेटतो, तो भाग तिनं मुद्दाम सोडला. सासूबाईंना दिलासा कशाला हवाय? त्यांना आरसा दाखवायला हवा. प्रत्येक ठिपका तिनं जरा जोरातच टोचला होता.

शनिवारी दुपारी सासूबाई खिडकीशी बसल्या. कागद मांडीवर. सून खाटेवर लेकीची दुपटी घड्या करत बसली; म्हणजे तसं सोंग. दोन घड्या घालायची, एक मोडायची.

"मा... ल... कीण," सासूबाई पुटपुटल्या. बोट पुढे सरकलं. 'छळ' या शब्दावर थांबलं, मागे आलं, पुन्हा त्यावरून फिरलं. एकदा, दोनदा, तीनदा. सुनेनं हातातली घडी पुन्हा मोडली. लागलं! बरोबर वर्मी लागलं!

बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, कागद संपला तरी पुढेच निघालं, आणि गुडघ्यावर येऊन अडलं.

"पुढचं कुठंय?"

"एवढंच झालंय, आई."

"एवढंच कसं? अगं, तिला पाणी मिळालं का?"

सुनेच्या हातातलं दुपटं हातातच राहिलं. पानभर पाण्याचा शब्दसुद्धा नव्हता. तो तर तिनं गाळलेल्या भागात होता.

"तुम्ही ऐकलीय ही गोष्ट?"

"कुठून ऐकणार? वाचायचे तुझे सासरे, आणि घरातली भांडणं आली की चार पानं एकदम उलटायचे." सासूबाई खिडकीकडे तोंड करून बोलत होत्या. "सहावा महिना होता मला. तुझा नवरा पोटात. माझ्या सासूनं भर दुपारी बाहेर काढलं, नेसत्या कपड्यांनिशी. का, तर न विचारता दूध..."

ते पहिलं बोट त्यांनी मुठीत मिटून घेतलं.

"दूध प्यायले म्हणून," त्यांनी अगदी हळू वाक्य पुरं केलं. "चालत चालत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. डोळ्यांपुढे अंधारी. वाटलं, आता संपलं. तेवढ्यात शेजारच्या बोळातून पाण्याचा आवाज आला. एक नळ नुसता वाहत होता. माणूस ना काणूस. ओंजळीनं प्यायले, पोटावरून ओला हात फिरवला, तेव्हा कुठं हे पोर आत हललं. चाळीस वर्षं झाली. मी आपली समजत आले, कोणीतरी विसराळू बाई नळ सोडून गेली असेल."

पळालेली दासी देवाला कुठं सापडते, ते सुनेला माहीत होतं. या खोलीत फक्त तिलाच माहीत होतं, आणि तेच तिनं दाबून ठेवलं होतं. तीही गाळणाऱ्यांतलीच एक.

तिनं उठून पाटी घेतली, नवा कागद अडकवला. तेवढ्यात लेक जागी होऊन रडायला लागली.

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या. "तू लिही."

पोरीनं आजीचं ते बोट पकडून तोंडात घातलं आणि चोखत बसली. टोच्याचा टक टक आवाज बराच वेळ चालला होता. ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलं, फरशीवरून खाटेच्या पायाशी गेलं.

मग सासूबाईंनी पोरीच्या तोंडातून बोट सोडवलं, पदराला पुसलं आणि कागदावर ठेवलं.

"झरा," त्यांनी वाचलं. बोट तिथंच राहिलं. "झऱ्यापाशी सापडली? देवाला?"

"हो, आई."

"म्हणजे तो नळ..." खालच्या ओळीत देव दासीला विचारत होता, कुठून आलीस, कुठं चाललीस. ती त्यांनी दोनदा वाचली आणि चेहरा सुनेकडे वळवला.

"तू कुठं चाललीस गं पोरी? खाटेखालच्या बॅगेला परवाच हात लागला माझा."

महाराणी नव्हे, पोरी. सुनेनं टोच्या खाली ठेवला. "बहिणीकडे. सोमवारी."

"थांब म्हणायला तोंड नाही मला."

"शेवटची ओळ राहिलीय तुमची," सून एवढंच म्हणाली.

शेवटच्या ओळीत ती दासी देवाला नाव देते: पाहणारा. ते नाव सासूबाईंनी तोंडानं वाचलंच नाही. नुसतं बोट त्यावर टेकवून, विझलेले डोळे उघडे ठेवून बसल्या. देवळात मोठ्यानं पाऊल टाकायची भीती वाटते, तशी सुनेला त्या क्षणी साधं हलायचीही भीती वाटली.

मग सासूबाईंनी नातीला सुनेच्या मांडीवर दिलं, भिंत चाचपत आत गेल्या आणि दुधाचा पेला घेऊन आल्या. ओतताना त्यांनी बोट लावून बघितलं नव्हतं. पेला काठोकाठ भरून वाहत होता, मनगटापर्यंत ओघळ आले होते.

"पी," त्या म्हणाल्या.

सोमवारी बॅगेतून लेकीचे कपडे बाहेर निघाले. स्वतःचे मात्र सुनेनं आणखी काही दिवस तसेच राहू दिले.